पडद्यावरील बोली व वर्गातील बोली

साहित्यसंस्थांच्या बैठकींतून अलीकडे एक तक्रार वारंवार कानी येते. दूरचित्रवाणीने वाचन बुडविले, मालिकांनी अभिरुची बिघडविली, आणि नटनट्यांच्या कौतुकात लेखकाचे नावही कोणाच्या स्मरणात राहिनासे झाले, अशी ही तक्रार आहे. मी स्वतः ती अनेकदा केली आहे. पालकांच्या सभेत केली आहे, शिक्षकदिनाच्या भाषणात केली आहे. तीत तथ्य नाही असेही मला म्हणावयाचे नाही. परंतु फिर्याद मांडणाऱ्याने एकदा तरी आरोपीची बाजू ऐकून घ्यावी, हा न्यायाचा साधा नियम आहे, आणि पडद्याच्या बाबतीत आम्ही शिक्षकमंडळींनी तो पाळलेला नाही.

प्रस्तुत लेखक कर्नाटकाच्या सीमेवरील बीदर जिल्ह्यात एका मराठी माध्यमाच्या शाळेत मुख्याध्यापक आहे. दूरचित्रवाणीचे वा चित्रपटाचे शास्त्र मला अवगत नाही. मात्र पडद्याचा परिणाम ज्यांच्यावर होतो ती मुले रोज माझ्यासमोर बसतात, आणि त्यांच्या तोंडची मराठी हा माझ्या नोकरीचा विषय आहे. पडद्याने या मराठीचे काय केले, एवढ्याच प्रश्नापुरते मी येथे लिहीत आहे. या प्रश्नाचा विचार करताना मला माझ्याच अध्यापनातील एक चूक सापडली. ती सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही.

१

आमच्या भागाचा आणि दूरचित्रवाणीचा संबंध पुष्कळांना वाटतो त्यापेक्षा जुना आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात आपल्या देशात उपग्रहाच्या द्वारे शिक्षण देण्याचा मोठा प्रयोग झाला. 'साइट' या आद्याक्षरी नावाने तो ओळखला जातो. अमेरिकेच्या 'नासा' संस्थेने वर्षभरासाठी दिलेल्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम पोहोचविण्यात आले. कर्नाटकातून निवडलेल्या जिल्ह्यांत रायचूर व विजापूर यांच्याबरोबर गुलबर्गा, म्हणजे आजचा कलबुर्गी, हाही होता. बंगळूरच्या नागरिकांना १९८१ साली स्वतःचे दूरदर्शन केंद्र मिळाले. आमच्या बाजूच्या खेड्यांतील शेतकऱ्यांनी त्यापूर्वीच सहा वर्षे ते यंत्र पाहिले होते.

माझे आजोळ आळंद तालुक्यातले. त्या वेळी मी सात-आठ वर्षांचा असेन. सुटीत आजोळी गेलो की शेजारच्या गावच्या शाळेत ठेवलेला तो संच पाहावयास आम्ही मुले मामाच्या मागे चालत जात असू. शाळेजवळ तारेच्या जाळीची एक मोठी छत्री आकाशाकडे तोंड करून बसविलेली होती, आणि तिच्यात पाऊस साठत कसा नाही याचेच आम्हांस कार्यक्रमापेक्षा अधिक नवल वाटे. कार्यक्रम हिंदी, कानडी, तेलुगू व उडिया या चार भाषांतून होत. मराठी त्यांत नव्हती. महाराष्ट्रातील खेडी त्या उपग्रहाच्या योजनेत नव्हती, आणि आमची गणना राज्यावरून झालेली होती.

याबद्दल कोणी तक्रार केल्याचे मला आठवत नाही. जमलेल्यांपैकी निम्म्यांना कानडी चांगली येत असे, उरलेल्यांना कामापुरती येई, आणि ज्यांना मुळीच येत नसे त्यांना शेजारचा माणूस मोठ्याने मराठीत सांगत असे. खताची मात्रा, गाईचा आजार, दिल्लीची बातमी, जे काही पडद्यावर येई त्यावर आमच्या बोलीत भाष्य चाले. एखादी म्हातारी पडद्यावरच्या डॉक्टरीणबाईला उलट प्रश्न विचारी व सारे हसत. पडद्याची भाषा आमची नव्हती, पण पडद्याच्या भोवती आमचीच भाषा होती. कीर्तनाला किंवा गाणगापूरच्या यात्रेतील खेळाला लोक जसे जमत, तसेच ते येथे जमले होते. म्हणजे ऐकणारेही होते आणि बोलणारेही होते.

वर्ष संपले, उपग्रह गेला. १९७७ साली गुलबर्ग्यास प्रक्षेपण केंद्र झाले. पुढे घरोघर संच आले. १९८७ साली रविवारी सकाळी 'रामायण' सुरू झाले की भालकीच्या बाजारपेठेत चिटपाखरू दिसत नसे; त्याविषयी इतके लिहिले गेले आहे की मी भर घालण्याची आवश्यकता नाही. आमच्या दृष्टीने खरा बदल १९९९ नंतर झाला. त्या वर्षी 'अल्फा मराठी' ही वाहिनी निघाली, मागोमाग इतर वाहिन्या निघाल्या, आणि छपरावरच्या तबकड्यांतून मराठी आमच्या घरांत दिवसभर ऐकू येऊ लागली. ज्यांच्या कचेरीची भाषा कानडी, बाजाराची भाषा कानडी-दखनी आणि घराची भाषा मराठी, अशा आम्हां लोकांना हा मोठाच आनंद होता. २००९ च्या फेब्रुवारीत 'सारेगमप'च्या छोट्या गायकांची अंतिम फेरी झाली तेव्हा लातूरचा रोहित राऊत त्या पाच मुलांत होता. लातूर म्हणजे आमचे शेजारघर. त्या रात्री आमच्या गल्लीतील लोक एखाद्या भाच्याची परीक्षा असावी तसे जागत बसले होते.

आनंदाच्या भरात एक गोष्ट मात्र आमच्या ध्यानात आली नाही. पडदा मराठी बोलू लागला आणि पडद्याभोवतीचे आम्ही गप्प झालो.

२

वाहिन्यांवर खेड्यातील माणूस दिसत नव्हता असे नाही. तो पुष्कळ दिसे. परंतु कोणत्या प्रसंगी कोण कसे बोलतो याचा एक अलिखित नियम मालिकांतून ठरून गेला होता. घरची सून, वकील, कारखानदार, प्रेमात पडलेली तरुण मंडळी हे सारे प्रमाण मराठी बोलत. गडी, हवालदार, भोळा पाहुणा, फसणारा सरपंच हे बोलीत बोलत. दुःखाचा प्रसंग आला की भाषा स्वच्छ होई, आणि फजितीचा प्रसंग आला की भाषा गावरान होई. वर्षानुवर्षे हे पाहणाऱ्या मुलाच्या मनावर एकच ठसा उमटावा यात नवल नाही. तो असा, की आपण घरी जसे बोलतो ते बोलणे हसण्यासाठी आहे.

येथे गैरसमज होऊ नये म्हणून सांगितले पाहिजे की विनोदाशी माझे वैर नाही. लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या एकपात्री प्रयोगात एकट्याने ५२ व्यक्ती उभ्या केल्या, आणि त्या प्रयोगाचा प्राण मराठवाड्याची बोली हाच होता. तेथे प्रेक्षक हसतो, पण त्या माणसांच्या सोबतीने हसतो. खेळ संपतो तेव्हा ती माणसे त्याची सोयरी झालेली असतात. मकरंद अनासपुरे यांनी हाच मराठवाडी हेल चित्रपटात आणला तेव्हा आमची मुले हरखून गेली होती, कारण आपल्यासारखे कोणीतरी प्रथमच तेथे बोलत होते. प्रश्न विनोदाचा नाही. ज्या बोलीला हसविण्याची तेवढी मुभा आहे, रडण्याची नाही, रागावण्याची नाही, विचार मांडण्याची नाही, तिची अवस्था घरातल्या पोरक्या मुलासारखी होते. सारे तिला हौसेने बोलावतात, पण पंगतीत बसवीत नाहीत.

याचा अनुभव मला लवकरच आला. 'सैराट' चित्रपट येण्यापूर्वी तीन-चार वर्षांची गोष्ट आहे. आमच्या शाळेतील नववीची एक मुलगी सीमेपलीकडील एका शहरात वक्तृत्वस्पर्धेसाठी गेली होती. विषय पाण्याचा होता. भाषण मीच लिहून दिले होते. ती उत्तम बोलत होती. परंतु मध्येच लिहिलेले सोडून ती आपल्या आईविषयी बोलू लागली, आणि 'करूलालो' या धर्तीचे एक क्रियापद तिच्या तोंडून निसटले. सभागृहात हशा पिकला. त्यात दुष्टपणा नव्हता. परीक्षकांपैकी एका सद्गृहस्थांनी नंतर तिच्या पाठीवर हात ठेवून सांगितले, की बाळ, तुझे बोलणे ऐकून दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्यक्रमाची आठवण झाली. त्यांना ते कौतुक वाटले असावे.

परतीच्या गाडीत मी तिला जे सांगितले ते आज मला लिहवत नाही, तरी लिहितो. मी म्हणालो, "प्रमाण भाषा सांभाळली असतीस तर बक्षीस तुझेच होते." ती थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली आणि म्हणाली, "पण सर, आई तसंच बोलते." या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी मुख्याध्यापकास शोभेल असे काहीतरी बोललो आणि विषय संपविला.

वास्तविक त्या क्रियापदात हसण्यासारखे काय आहे? 'करूलालो' हे 'करू लागलो' याचेच झिजलेले रूप दिसते. लातूर-उदगीरपासून बीदरपर्यंत कोणत्याही चालू क्रियेसाठी आम्ही ते वापरतो. आता आमचा कानडी शेजारी याच अर्थी काय म्हणतो ते पाहावे. तो म्हणतो 'माडाकत्तीनि'. हे रूप 'माडलिक्के' आणि 'हत्तु' यांच्या मिळणीने झालेले आहे, आणि 'हत्तु' याचा येथील अर्थ 'लागणे' असाच आहे. दोन निराळ्या कुळांतील भाषा एका बांधावर शेकडो वर्षे शेजारी नांदल्या आणि चालू काळ सांगण्याची त्यांची रीत एकच झाली. ज्या शब्दावर ते सभागृह हसले त्या शब्दात आमच्या मुलखाचा इतिहास साठलेला आहे. हे मला कला शाखेचा पदवीधर म्हणून ठाऊक असावयास हवे होते. त्या दिवशी गाडीत ते मला सुचले नाही.

३

२९ एप्रिल २०१६ रोजी नागराज मंजुळे यांचा 'सैराट' प्रदर्शित झाला. शंभर कोटी रुपयांच्या उत्पन्नाचा पल्ला ओलांडणारा पहिला मराठी चित्रपट म्हणून त्याची नोंद झाली, आणि तेवढ्याच कारणाने आमच्यासारख्यांच्या मनात त्याच्याविषयी अढी बसली. मे महिन्याच्या सुटीत उदगीरला एका नातलगांकडे गेलो असता त्यांच्या मुलांच्या आग्रहाखातर मी तो पाहिला. चित्रपटगृहात लोक जागेवरून उठून नाचत होते. मी मनातल्या मनात पुढच्या पालकसभेचे भाषण जुळवीत होतो.

कथा सर्वांच्या परिचयाची आहे. करमाळ्याच्या परिसरातील एका पाटील पुढाऱ्याची मुलगी आणि मासेमारी करणाऱ्या कुटुंबातील मुलगा यांचे प्रेम जमते. ती दोघे हैदराबादेस पळून जातात, संसार थाटतात, आणि शेवटी मुलीचे नातलग येऊन त्यांची हत्या करतात. प्रेमकथेला जातीची भिंत आडवी येणे मराठी वाचकास नवे नाही. मला नवे होते ते निराळेच. नायक-नायिका शेवटपर्यंत आपल्याच बोलीत बोलत होती. प्रेम जडले तरी त्यांची भाषा शुद्ध झाली नाही, आणि मरणाच्या दारातही झाली नाही. करमाळ्याची बोली आमची नव्हे. तिचा हेल वेगळा, तिची क्रियापदे वेगळी. परंतु ती पुस्तकाची भाषा नव्हती, आणि ती बोलणाऱ्यांना कोणी विदूषक केले नव्हते. नायिका एका प्रसंगी समोरच्यास विचारते की मराठीत सांगितलेले कळत नसेल तर इंग्रजीत सांगू काय; ते वाक्य पुढे पोरांच्या सदऱ्यांवर छापले गेले. पण तिच्या त्या प्रश्नातला रुबाब पाहावा. ज्या मराठीविषयी ती बोलते ती तिची स्वतःची मराठी आहे, आणि तिच्याबद्दल क्षमा मागण्याचे कारण आहे असे तिच्या मनातही येत नाही. माझ्या नववीतल्या मुलीला त्या सभागृहात एवढेच हवे होते.

आम्हां शिक्षकांना विशेष झोंबणारा एक प्रसंग या चित्रपटात आहे. महाविद्यालयाच्या वर्गात नवीन प्राध्यापक कवितेविषयी शिकवीत आहेत. पुढाऱ्याचा मुलगा त्यांना तेथेच, सर्वांदेखत, थोबाडीत मारतो. पुढे त्याला शासन होत नाही. घरी उलट कौतुकच होते. प्रथमदर्शनी मला हा प्रसंग भडक वाटला. घरी आल्यावर लक्षात आले की दिग्दर्शकाने शेवटच्या हत्येची सूचना येथेच देऊन ठेवली आहे. जेथे वर्गातील शब्दाला संरक्षण नाही, तेथे दोन मुलांच्या प्रेमाला ते कोठून असणार? आपण वाङ्मयात ज्याला पूर्वसूचना म्हणतो ती इतक्या कमी सामग्रीत साधलेली मी फार थोड्या कादंबऱ्यांत पाहिली आहे.

पूर्वार्ध गाण्यांनी भरलेला आहे. उत्तरार्धात गाणे जवळजवळ नाही. अजय-अतुल यांचे संगीत ज्यांनी नाचत ऐकले त्यांना हैदराबादच्या झोपडपट्टीत आणून सोडले जाते, आणि तेथे नायिकेला आजूबाजूची तेलुगू कळत नाही. आतापर्यंत जिच्या तोंडी अधिकाराची भाषा होती तिला परक्या मुलखात साधा व्यवहारही अवघड होतो. हा भाग लांबला असे पुष्कळांनी म्हटले. सीमाभागातील प्रेक्षकाला तो लांबलेला वाटणार नाही. करमाळ्याकडून रेल्वेने हैदराबादेस जावयाचे तर सोलापूर, कलबुर्गी, वाडी हाच मार्ग आहे. म्हणजे ती दोघे आमच्या मुलखातूनच गेली असली पाहिजेत. पडद्यावर आमचे गाव दिसत नाही. पण एका भाषेतून दुसऱ्या भाषेत उतरताना माणूस कसा लहान होतो आणि हळूहळू पुन्हा कसा उभा राहतो, हे आमच्या घरातील प्रत्येक सुनेने व प्रत्येक नोकरदाराने अनुभवलेले आहे. मी तो उत्तरार्ध शेजाऱ्याचे घर पाहावे तसा पाहिला.

शेवट आठवतोच. लहान मूल घरी परत येते, आईबापांस पडलेले पाहते, आणि रक्ताची पावले उमटवीत बाहेर जाते. त्या वेळी पडद्यावर आवाज नाही. उदगीरच्या त्या चित्रपटगृहात तासाभरापूर्वी नाचणारे लोक खुर्चीवरून उठेनात. करुणरसाची चर्चा मी तीस वर्षे वर्गात केली आहे. करुणाने एक सबंध समुदाय मुका झालेला मी तेव्हा पाहिला.

बीदर जिल्ह्यातील माणसाला या कथेने आणखी एका कारणाने हलविले. बसवकल्याण आमच्याच जिल्ह्यात आहे. बाराव्या शतकात याच कल्याणनगरीत, बसवेश्वरांच्या अनुयायांत, चर्मकार हरळय्याच्या मुलाचा विवाह ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीशी झाला; राजा बिज्जळाने दोन्ही पित्यांस देहान्त शिक्षा दिली, आणि त्यातून शरणांची वाताहत झाली, असे परंपरा सांगते. गिरीश कार्नाडांनी १९९० साली 'तलेदंड' नाटकात हीच घटना हाताळली. म्हणजे ज्या गोष्टीवर २०१६ साली सारा महाराष्ट्र अस्वस्थ झाला ती गोष्ट आमच्या भूमीत आठ शतकांपूर्वी घडून गेली आहे. आमची मुले सहलीला कल्याणला जातात, वर्षाला एकदा तो पाठ वाचतात, आणि परीक्षेत चार गुणांचे उत्तर लिहितात. 'सैराट' पाहून आल्यावर एका मुलाने मला विचारले, "सर, हरळय्याच्या पोराचं पुढं काय झालं?" त्यापूर्वी हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

४

इतके म्हटल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण लोकप्रियता देते तसे काढूनही घेते.

ज्या चित्रपटाचा शेवट मौनात होतो त्यातले लोकांच्या ओठी राहिले ते नाचाचे गाणे. लग्नाच्या वरातीत ते वाजते, गणपतीपुढे वाजते, आणि आपल्याच जातीत लग्न लावून देणारी मंडळी त्यावर आनंदाने नाचतात. रक्ताची पावले कोणी वरातीत नेत नाही. लेखकाच्या हेतूपेक्षा लोकांची सोय बलवत्तर ठरते, हा अनुभव संतांच्या अभंगांनाही आलेला आहे. तेव्हा एकट्या चित्रपटाला दोष देता येणार नाही. पण नोंद करावयास हवी.

नायिकेचे काम करणारी रिंकू राजगुरू अकलूजची शाळकरी मुलगी होती. राष्ट्रीय पुरस्कारांत तिच्या कामाचा विशेष उल्लेख झाला. पुढे गर्दीमुळे तिला नियमित शाळा अशक्य झाली आणि दहावीची परीक्षा तिने बहिस्थ विद्यार्थिनी म्हणून दिली. सर्वांनी हे कौतुकाने वाचले. मी मुख्याध्यापक असल्याने मला त्यात एका वर्गातील रिकामी जागा दिसली. शाळेत शिकणाऱ्या मुलीवर साऱ्या राज्याने प्रेम करावे आणि त्या प्रेमामुळेच तिला शाळा सुटावी, यात कोणाचा अपराध आहे हे सांगणे कठीण आहे. पण प्रसिद्धीची किंमत कोण भरतो हे त्यावरून कळते.

२०१७ साली 'मनसु मल्लिगे' या नावाने या कथेचा कानडी अवतार आला. कानडीत परभाषेतील चित्रपटांना कानडी आवाज देऊन ते दाखविण्यास चित्रपटव्यवसायाचा दीर्घकाळ विरोध राहिला असल्याने चित्रपट नव्याने काढण्याची रीत तेथे रूढ आहे. नायिका तीच होती. आमच्या मुलांनी दोन्ही पाहिले, आणि दोन्ही भाषा कळत असल्यामुळे त्यांच्याइतका अधिकारी परीक्षक दुसरा मिळणार नाही. त्यांचे मत थोडक्यात असे पडले, की चेहरा आर्चीचा आहे, पण आर्ची नाही. २०१८ साली 'धडक' या नावाने हिंदी रूप आले, कथा उदयपुरात गेली, आणि जातीची धार बोथट झाली. घटनाक्रम जवळजवळ तोच राहूनही कृती पातळ का व्हावी? मला वाटते, मूळ चित्रपटाचे सत्त्व घटनांत जितके होते तितकेच त्या मातीतल्या उच्चारांत होते. कवितेविषयी आपण असे सहज म्हणतो. चित्रपटाविषयीही ते म्हणावयास हरकत नसावी.

यावरून लोकप्रियता भाषेच्या कुंपणातच राहते असे मात्र कोणी समजू नये. मराठी घरात जन्मलेला शिवाजीराव गायकवाड बंगळूरात बसवाहक होता. तो रजनीकांत होऊन तमिळांच्या गळ्यातला ताईत झाला. कानडी मुलखातील गदगच्या भीमसेन जोशींच्या तोंडून मराठी माणसाने अभंग ऐकले. २९ ऑक्टोबर २०२१ रोजी कानडी नट पुनीत राजकुमार वयाच्या ४६ व्या वर्षी अकस्मात वारले, तेव्हा आमच्या मराठी शाळेतील वरच्या वर्गांच्या मुलांनी दुसऱ्या दिवशी वर्गणी काढून हार आणला आणि त्यांचे चित्र फळ्याशेजारी लावले. लोक त्यांना 'अप्पू' म्हणत, आणि आमची मुले घरातल्या थोरल्या भावाविषयी बोलावे तसे 'आमचा अप्पू' म्हणत होती. मरणोत्तर नेत्रदानामुळे चौघांना दृष्टी लाभली हे कळल्यावर दोन मुलांनी आपल्या आजोबांना नेत्रदानाचा अर्ज भरावयास लावला. मी ते चित्र काढावयास सांगणार होतो, सांगितले नाही. ज्या ऐक्यासाठी आम्ही दोन्ही भाषांच्या परिषदांतून ठराव करतो ते त्या फळ्याशेजारी आयते उभे होते.

५

आता माझ्या चुकीकडे वळतो.

बोलीला प्रतिष्ठा देण्याचे काम पडद्याने प्रथम केले, असे कोणी समजेल तर ते खरे नव्हे. वाङ्मयाने ते फार पूर्वी केले आहे. बहिणाबाई चौधरींची गाणी १९५२ साली प्रसिद्ध झाली आणि खानदेशातील शेतकरी स्त्रीचे बोलणे थेट काव्याच्या गाभाऱ्यात गेले. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ ची. तिचा निवेदक तर आमच्यासारखाच एक शाळामास्तर आहे. आणि आमच्या अगदी अंगणातले उदाहरण म्हणजे रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा'. लातूर जिल्ह्यातील काटगावच्या या लेखकाने १९७१ साली एका शिंप्याच्या बायकोच्या तोंडून, तिच्याच बोलीत, एका कुटुंबाचा सर्वनाश सांगितला. त्या कादंबरीत बोली विनोदासाठी नाही. ती सारे दुःख एकटी वाहून नेते. 'सैराट'मध्ये ज्याचे मला नवल वाटले ते माझ्या शेजारच्या जिल्ह्यातील लेखकाने पंचेचाळीस वर्षे आधी करून ठेवले होते. आणि मी ती कादंबरी पदवीच्या वर्गात अभ्यासली होती, तिच्यावर प्रश्नोत्तरे लिहिली होती.

मग ती वाचूनही परतीच्या गाडीत मी त्या मुलीला तसे का बोललो? पुष्कळ विचार केल्यावर मला एकच उत्तर मिळाले. मी 'पाचोळा' डोळ्यांनी वाचली होती, कानांनी नाही. छापील पानावरची बोली सुशिक्षित वाचकाला प्रथम अशुद्धलेखनासारखी दिसते. तो मनातल्या मनात ती प्रमाण भाषेत फिरवून घेतो आणि अर्थ तेवढा उचलतो. आवाज पानावरच राहतो. पडद्याला ही सोय नाही. तेथे माणूस आपल्या आवाजासकट समोर उभा राहतो आणि तुम्हांला त्याचे ऐकावेच लागते. पडद्याने बोलीला हसण्याचा विषय केले ते आवाजाच्या बळावर, आणि तिला दुःखाचा अधिकार परत मिळवून दिला तोही आवाजाच्याच बळावर. आम्ही पुस्तकवाले मात्र आमच्याजवळचा आवाज कपाटात ठेवून पडद्याला नावे ठेवीत बसलो.

प्रमाण मराठी शिकवू नये असे माझे म्हणणे नाही. सीमाभागातील मुलाला ती नीट आली नाही तर त्याचे सर्वांत अधिक नुकसान होईल; त्याला कानडी आली पाहिजे, इंग्रजी आली पाहिजे, आणि लातूर-पुण्याच्या मुलाबरोबर बसता येईल अशी मराठीही आली पाहिजे. पण आईच्या बोलण्याची लाज हा त्या शिक्षणाचा पाया असू शकत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आमच्या शाळेतही पेढे वाटले. त्या दिवशी माझ्या मनात आले, की भाषा अभिजात ठरली, आणि तिची सीमेवरची एक लेक अजून सभागृहात बोलावयास भिते.

गेल्या तीन वर्षांपासून आमच्या शाळेत शनिवारचा शेवटचा तास मोठ्याने वाचण्याचा केला आहे. आठवड्याला एक मूल बोलीतील गद्याचे एक पान वाचते. त्यानंतर दुसरे कोणी आपल्या घरची एखादी घटना घरच्याच भाषेत सांगते, आणि मग सारा वर्ग ती प्रमाण मराठीत लिहून काढतो. आरंभ 'पाचोळा'ने केला. पहिल्या दिवशी वाचणाऱ्या मुलीच्या पहिल्या दोन वाक्यांना वर्ग हसला. दूरचित्रवाणीने लावलेली सवय ती. तिसऱ्या परिच्छेदाशी हसू थांबले. पान संपले तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "पुढं काय होतंय, वाच की."

साहित्यसंस्थांच्या सभासदांना माझी एवढीच विनंती आहे, की पुढील बैठकीत पडद्याविरुद्ध ठराव मांडण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या भागातील बोलीचे एक पान वर्गात मोठ्याने वाचून पाहावे. ज्या मुलीची मी ही हकीगत सांगितली ती आता बीदरला एका कानडी शाळेत शिक्षिका आहे. मागील दिवाळीत ती भेटावयास आली तेव्हा मी तिची क्षमा मागितली. तिला तो प्रसंग आठवत होता. ती म्हणाली, "जाऊ द्या सर, आता मी वर्गात तसंच बोलूलाले."